खाटेपासून वेशीपर्यंत

ढोल वाजला तेव्हा वाडीतल्या बाकीच्या घरांना नुकती कुलपं लागत होती. आम्ही उजाडायच्या सुमारासच निघालो होतो आणि अजून दुसऱ्या दगडी गडग्यापर्यंतच पोहोचलो होतो. पुढे आई, तिच्या खांद्यावर हात ठेवून आमचे आजोबा, म्हणजे तात्या, आणि मागे डोक्यावर लाकडी खुर्ची घेतलेली मी. पंचवीस-तीस पावलं झाली की मी खुर्ची खाली ठेवायची, तात्यांनी बसायचं, दम खायचा, पुन्हा उठायचं. मागून येणारी माणसं बोचकी, कोंबड्या, गुरं घेऊन आम्हाला ओलांडून जात होती.

आमच्या आचऱ्यात काही वर्षांनी एकदा देवाचा कौल घेऊन गावपळण होते. तीन दिवस, तीन रात्री गावात कोणी म्हणून राहायचं नाही. सगळा गाव वेशीबाहेर जातो, माळावर झावळ्यांच्या खोपी बांधतो, तिथेच रांधतो. ऐंशी साल उलटून दोन-तीन वर्षं झाली होती. मी अठराची होते. बाबा बोटीवर होते, त्यामुळे घराचा भार आईवर होता.

तात्या पडून खुबा मोडला त्याला दोन वर्षं झाली होती. हाड जमेल तसं जुळलं, पण तात्या खाटेवरून उठेनात. कौल झाला त्या संध्याकाळी वाडीतले चौघे येऊन म्हणाले, "तात्यांनू, काळजी करू नकात. खाटेसकट उचलून नेतंव."

तात्या भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "चार जणांच्या खांद्यार मी एकदाच जातलंय. तवसर माका हात लावूचो नाय."

म्हणजे उचलून न्यायचं नाही, चालता येत नाही, आणि गावात राहायचं नाही. हाती तीन आठवडे. वेस आमच्या घरापासून दीड मैल. मी आईला विचारलं, "आये, दीड मैल चालतले कसे हे?"

"दीड मैल कोणी सांगल्यान तुका?" आई म्हणाली. "आज दारापर्यंत. फाल्याचा फाल्या." म्हणजे उद्याचं उद्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने तात्यांचा चहा दारात नेऊन ठेवला. तात्यांनी हाका मारल्या, शिव्या दिल्या, शेवटी म्हणाले, "माका हयच मरांदे." आई झाडू घेऊन उभी होती. "मरूचा तर मरा, तात्यांनू. पण दारात जावन मरा, हय माका केर काढूचो आसा." तात्यांना हसू आवरेना. त्या दिवशीचा चहा ते दारात प्यायले. मग पडवीत. मग घरापुढच्या खळ्यात. मग तुळशीपाशी. चहा रोज थोडा पुढे सरकायचा. पायाला सूज आली तेव्हा आईने दोन दिवस चहा पुन्हा पडवीत आणला, पण खाटेवर एकदाही दिला नाही. मागे आणलेल्या चहाची तिला लाज वाटलेली मी पाहिली नाही. वेशीचा विसर तिला पडला होता असं मुळीच नाही. ती चुलीपाशी बसून बोटांवर दिवस मोजायची. फक्त तात्यांसमोर वेशीचं नाव काढत नसे.

आणि तरीही गावपळणीच्या दिवशी तात्या वेशीपर्यंत चालले नाहीत. दुपारी ओहोळापाशी त्यांचे पाय थांबले. पुढे शेवटचा चढ होता. दादा, माझा मोठा भाऊ, सामानाची बैलगाडी घेऊन मागून आला. तात्यांनी गाडीकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "बसतंय. गाडी म्हणजे काय खांदो न्हय." आईने त्यांचा पंचा झाडला आणि त्यांना गाडीत बसवलं. सूर्य मावळायच्या आत आम्ही गावाबाहेर होतो.

सहा महिन्यांनी मी पुन्हा निघाले, या वेळी एकटी. मुंबईत नर्सिंगच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला होता. आई एसटीच्या खिडकीशी उभी होती. रडली नाही. "पोचलंय म्हणून कार्ड टाक," एवढंच म्हणाली.

हॉस्टेल, ड्यूटी, मेस, युनिफॉर्मला रोज इस्त्री. हे शब्द चार दिवसांत तोंडात बसले. बसेना ती इंग्रजी. शाळा सगळी मराठीत झालेली, आणि इथे शरीरशास्त्राचं पुस्तक एका हातात धरवत नव्हतं. मी पहिल्या पानापासून सुरुवात केली. न कळलेल्या प्रत्येक शब्दाखाली रेघ मारायची, शब्दकोशात बघायचं, वहीत लिहायचं. पानंच्या पानं नुसत्या रेघांनी भरली. परीक्षा आली तेव्हा मी हातापायांच्या हाडांतच अडकले होते. नापास झाले.

आमच्या सिस्टर ट्यूटर कठोर नव्हत्या, म्हणूनच त्यांचं बोलणं जास्त लागलं. "पुढच्या परीक्षेतही असंच झालं तर तुला घरी पाठवावं लागेल, मुली. बाहेर किती जणी थांबल्यात, तुला ठाऊक आहे."

मी घरी पत्र लिहिलं. पुस्तक किती जाड आहे, अक्षर किती बारीक आहे, आणि मला हे शक्य नाही, मी परत येते. आई चौथीपर्यंत शिकलेली. तिचं उत्तर शाळेत शिकवलेल्या मराठीत आलं. ते पत्र मला अजून पाठ आहे.

"चि. सुलूस आशीर्वाद. पुस्तक जाड आहे ते तू दोनदा लिहिलेस. ते समजले. आज कुठवर गेलीस ते लिहिले नाहीस. ते कळव. रोज कळव. काहीच झाले नाही तर झाले नाही म्हणून कळव. मग यायचे असेल तर ये."

मी शब्दकोश ट्रंकेत ठेवला. आज फक्त खांदा, असं ठरवून चित्र समोर घ्यायचं, आपल्याच खांद्यावर हाड चाचपायचं, आणि लागतील तेवढेच शब्द शिकायचे. मग कार्ड टाकायचं. "आज खांद्यापर्यंत." "आज काही नाही, डबल ड्यूटी." एकदा घाईत लिहिलं, "मूत्रपिंडे संपली. उद्यापासून डोळे." पोस्टमनने ते खळ्यात उभं राहून मोठ्याने वाचलं. शेजारची भागीकाकू धावत आली, "अगो बाय माझ्या, चेडवाची मूत्रपिंडा संपली, आणि आता डोळे पण जातले?" आईने हे सगळं कळवलं, आणि शेवटी, "तरी यापुढे नीट लिहीत जा. तात्या दोन दिवस जेवले नाहीत."

दुसऱ्या परीक्षेत मी पास झाले. पहिल्या दहांत वगैरे नाही, जेमतेम. यादीत नाव शेवटून तिसरं होतं. ते मी दोनदा बोटाने चाचपून पाहिलं. त्या दिवशीच्या कार्डावर नेहमीपेक्षा वेगळं काही लिहावं असं फार वाटलं, पण काय लिहावं ते सुचेना. "आज पहिल्या वर्षापर्यंत," एवढंच लिहिलं.

शिक्षण संपल्यावर चौतीस वर्षं मी याच शहरात नोकरी केली. बराच काळ हाडांच्या वॉर्डात काढला. मोडलेल्या खुब्याची किती माणसं उभी राहिली ते मी मोजलं नाही. सगळी राहिली नाहीत, हेही खरं. पण माझ्या वॉर्डात कोणाला मी दीड मैल सांगितला नाही.

आई गेल्या वैशाखात गेली. मी पोहोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. दहा महिने मला तिच्याविषयी एक ओळही लिहिता आली नाही. हे चार-चार ओळींनी लिहिलं आहे, काही दिवस तेवढंही झालं नाही.

गावात राहिलेले म्हणतात, तुम्ही गेलात. इथे आलेले म्हणतात, आता जायचं कुठे, तिकडे आपलं कोण उरलं? मीही तसं म्हणून पाहिलं. पण गेल्या आठवड्यात दादाच्या नातीचा फोन आला. जूनपासून ती इथल्या कॉलेजात येते आहे. घाबरली आहे.

"आजी, माका जमात मां गो? केवढो मोठो कोर्स आसा!"

"केवढो ता माका सांगा नको," मी म्हटलं. "तू ये."

पुढची खोली मी रिकामी केली आहे. टेबल खिडकीकडे सरकवलं, दिवा लावून पाहिला. संध्याकाळी ती दमून येईल, चपला काढेल, आणि आज कुठवर झालं म्हणून तिला कोणीतरी विचारेल. ती काहीच नाही म्हणाली तरी तिला जेवायला वाढेल. घर म्हणून मला आता एवढंच ठाऊक आहे, आणि तेवढं मी इथे तयार ठेवलं आहे.