पौर्णिमाचं वजन

हल्ली वजनांच्या तक्त्यात एक चौकट जरी कोरी दिसली तरी आमची उज्मा त्या गावाला फोन लावते. लोक वैतागतात. वैतागू देत!

बडनेऱ्याच्या एका शिंप्याची ही पोरगी अमरावतीत संख्याशास्त्र शिकली आणि आमच्या संस्थेत लागली. गावोगावच्या लहान मुलांची वजनं कॉम्प्युटरमध्ये घ्यायची आणि कुठल्या गावाला जास्तीचा आहार द्यायचा ते काढायचं, हे तिचं काम. दशांशचिन्ह चुकलेलं असलं की तिला ते भातातल्या खड्यासारखं लागायचं. आम्ही तिला ‘मास्तरीणबाई’ म्हणून चिडवायचो.

परतवाड्याच्या पुढच्या एका गावातून अंगणवाडीच्या शकुनमावशी वजनं पाठवायच्या. त्यांचा मोबाईल मराठीत, म्हणून आकडेही मराठीत: ७.४, ८.२. बाकी गावांचे आकडे इंग्रजीत यायचे. माणसाला दोन्ही वाचता येतात. सॉफ्टवेअरला मात्र मराठी आकडा हा आकडा वाटलाच नाही. त्यानं त्या गावाच्या सगळ्या चौकटी मुकाट कोऱ्या केल्या. कोरं म्हणजे मूल वजनाला आलं नाही, असं आमच्याकडे धरतात. त्यात कापूसवेचणीचे दिवस. आया पोरांना घेऊन शेतात जातात, अख्खं गाव गैरहजर असलं तरी आम्हाला नवल वाटत नाही. उज्मालाही वाटलं नाही. गाव यादीतून गळलं आणि आहार दुसरीकडे गेला.

वेचणी सरल्यावर शकुनमावशी थेट ऑफिसात आल्या. “उज्माताई, आमचं गाव काहून वगळलं? म्या तं सारी पोरं तोलली होती. एक बी सोडलं नाही.”

उज्मानं मूळ फाईल उघडली आणि तिचा चेहराच उतरला. तिनं आकडे इंग्रजीत केले, पुन्हा आत घेतले. टेबलावरचा चहा निवायच्या आत काम झालं आणि ते गाव यादीत सगळ्यात वर आलं. एवढंसंच काम होतं, याचा मला अजून संताप येतो.

“मावशी, चूक माझी होती. आता आलं तुमचं गाव.”

“त्यात आमची पौर्णिमा बी आली काय?”

पौर्णिमा ही त्यांची नात. उज्मानं नाव शोधून दाखवलं. “ही बघा, ६.१. हिला सगळ्यात आधी आहार देऊ.”

शकुनमावशींनी पडद्यावरच्या त्या आकड्यावर बोट ठेवलं.

“तिले नोका देऊ आता. मांगच्या महिन्यात गेली ते.”

मला उज्माकडे बघवेना.

“पण तिचा आकडा राहू द्या, बाई,” मावशी म्हणाल्या. “कोरा नोका करू.”