वैशालीचं गाणं

अगं, पत्र असलं तरी अशी जवळ सरक जरा. फोनवर 'जिजी, बरी आहेस ना' एवढं म्हणतेस आणि ठेवून देतेस, ही काय रीत झाली? आज घाई करू नकोस. हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. आमचे मालक गेले, त्यांनासुद्धा नाही.

आमच्या म्हसावदला अखाजीचा, म्हणजे तुमच्या अक्षय्य तृतीयेचा, सण मोठा. लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. ती कुठं लिहिलेली नसतात. कुणी नवीन कडवं घातलं तर पुढच्या वर्षी तेही जुनंच होऊन जातं. मी शाळेत गेले नाही, अक्षरं पोरांच्या पुस्तकांतून उचलली. पण गाणी रचत आले, लग्न होऊन इथं आले तेव्हापासून. गावच्या बाया ती म्हणतात. कुणाची, ते कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही — सांगायचं असतं का ते? मला त्याचं काही वाटत नाही, असं मी धरून चालले होते.

वैशाली आमच्या समोरच्या घरातली. तिची आई पपईच्या तोडणीला जाते. पोरगी बारावीला होती तेव्हा शाळेत एका ट्रस्टची माणसं आली. मार्क नको होते त्यांना. चित्रं काढणारी, नाटक लिहिणारी, गाणी रचणारी मुलं हवी होती. निवड झाली की पुण्याच्या कॉलेजची फी, राहणं, जेवण सगळं ते बघणार. नाहीतर तिला कोण पाठवणार होतं पुण्याला? वैशालीनं आपलं एक गाणं दिलं —

हिरवी तोडी वो माय, कागदमा गुंडायी,
परका गावमा जाईसन मी पिकसू वो माय.

सासरी निघालेल्या पोरीचं गाणं. पपईचं नाव नाही त्यात, पण आमच्याकडचं शेंबडं पोरही ओळखील. पपई हिरवीच तोडतात, पेपरच्या रद्दीत गुंडाळतात, ट्रकात भरतात; ती पिकते तिकडे दिल्लीच्या बाजूला. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तव्यावरची भाकरी जळली माझी. रोज डोळ्यांसमोरचं — मला का सुचलं नव्हतं?

चाल अखाजीची, म्हणून त्या माणसांना शंका आली. हे पोरीचं, की पूर्वीपासून चालत आलेलं? शाळेतले सर बाहेरगावचे. ते म्हणाले, जिजीला विचारा, गाण्यातलं तिला सगळं ठाऊक. मग एक बाई आणि एक साहेब माझ्या ओट्यावर येऊन बसले. वैशाली तिच्या दारात उभी, ओढणीचं टोक पिळत. मी चहा दिला. बाईंनी विचारलं, हे गाणं जुनं आहे का हो?

नाही, एवढंच म्हणायचं होतं.

मी म्हटलं, "जुनंच शे, ताई. मन्ही आजी म्हने."

खोटं. माझ्या आजीच्या वेळी या बागा कुठं होत्या, ट्रक कुठं होते? पण शहरच्या माणसांना ते काय कळणार. चहा छान झाला म्हणाले आणि गेले.

का बोलले असं? जळले मी, दुसरं काय. मला इतक्या वर्षांत कुणी एकदा विचारलं नाही, आणि या कालच्या पोरीसाठी दारापर्यंत गाडी आली. एवढंच आहे ते.

पण थांब, खरं पुढंच आहे. संध्याकाळी वैशाली आली. मला वाटलं, भांडेल. ती म्हणाली, "जिजी, धाकलपनमा तुन्हाच तोंडथीन आयकेल व्हई मी. ध्यानमा नई ऱ्हायनं. राग नको धरू."

लहानपणी माझ्याच तोंडून ऐकलं असेल, लक्षात राहिलं नाही, म्हणून माफी मागत होती — माझी! आणि मी काय केलं? तिच्या डोक्यावरून हात फिरवला. म्हटलं, "व्हस आसं, बेटी." होतं असं, म्हणे!

पहिलं खोटं तोंडातून निसटलं म्हणता येईल. हे नाही म्हणता येणार.

पुण्याला दुसरंच कुणी गेलं. वैशाली आता शहाद्याला मारवाड्यांच्या कापडदुकानात जाते, रोज एसटीनं. गाणी रचत नाही. एकदा मीच विचारलं — मला तोंड होतं विचारायला, बघ! — तर हसून म्हणाली, मला सुचतं ते कुठंतरी ऐकलेलंच असतं, जिजी. अखाजीला झोक्यावर ते गाणं म्हणतात अजून. पोरी म्हणतात, जिजीच्या आजीचं गाणं. वैशालीही म्हणते, सगळ्यांत मोठ्या आवाजात. मी खाली उभी राहून झोका देते.

हे लिहून झालं की समोर जाणार आहे, तिला सांगायला. तिची एसटी यायची वेळ झालीच.

तू लवकर ये गं. उभ्या उभ्या नको, राहायला ये. तेव्हा वैशाली माझ्याशी बोलत नसेल, तर मध्ये पडून तिला समजवायला जाऊ नकोस.