रमजान मिस्तरी आणि कुलपातला रेडिओ

धुळ्यात रमजान मिस्तरीचं दुकान कुणाला विचारावं लागत नसे. बाहेर बाकड्यावर अ‍ॅसिडच्या बॅटऱ्या चार्जिंगला लावलेल्या असत आणि आत रमजान एखाद्या रेडिओचं पोट उघडून बसलेला असे. त्याच्या प्रत्येक पायजम्याला अ‍ॅसिडची भोकं पडलेली होती. बायको ताजबी ती रफू करी आणि म्हणे, "तुझ्या पायजम्यात कापड कमी, माझा दोराच जास्त."

हे काम तो चाळीसगावला, रेल्वेच्या बॅटरीखोलीत शिकला. गिऱ्हाईक रेडिओ घ्यायला आलं, की त्याचा पहिला प्रश्न एकच असे, "गावात वीज आहे का?" नसली, तर तो लहान पेटीचा, बॅटरीवरचा सेट सांगे. बॅटऱ्या दोन लागत. व्हॉल्व्हच्या काचेतली बारीक तार तापवायला दोन व्होल्टची अ‍ॅसिडची, आणि आवाजाला नव्वद व्होल्टची कोरडी. "या दोघींच्या तारा एकमेकींत गेल्या, तर समजा घरात विष कालवलं," असं तो बजावे आणि तारांना वेगवेगळ्या रंगाचे दोरे बांधून देई.

साक्रीच्या पुढच्या एका गावचा धनसिंग लढाई सुरू झाल्यावर आला, तेव्हा त्याला लहान पेटी नको होती. पाच व्हॉल्व्हची, चकचकीत लाकडाची पेटी त्याने उचलायला लावली. संध्याकाळी ओसरीवर निम्मं गाव बातम्या ऐकायला जमे. पण रेडिओची खुंटी पिळायला हात फक्त धनसिंगचा.

त्रेचाळीस सालच्या दसऱ्यानंतर निरोप आला, सेट मुका झालाय. रमजान कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या मोटारीने फाट्यापर्यंत गेला. तिथून धनसिंगचा गडी पुना बैलगाडीने त्याला घेऊन गेला. रमजानने मागची फळी काढली आणि नाक जवळ नेलं. चिंचेचा वास आला. आतला पत्रा घासून लख्ख केलेला होता, तारांच्या सांध्यांवर हिरवा थर चढला होता आणि एका व्हॉल्व्हच्या बुडाशी कुंकू चिकटलं होतं.

खंडेनवमीला धनसिंगनेच बायकोला सांगितलं होतं, "बठ्ठं लोखंड पूजाले काढ." सुंदरबाईने तलवार, कुऱ्हाड, नांगराचा फाळ, सगळं चिंच लावून घासलं. रेडिओच्या पाठीमागेही लोखंड दिसलं, म्हणून तेही घासून धुतलं आणि वर हळदकुंकू वाहिलं.

रमजानला हसू आलं. बिघाड नुसत्या वासावरून ओळखल्याचा आनंद त्याच्या पोटात मावेना. बोटावर कुंकू घेऊन तो सगळ्यांना दाखवत म्हणाला, "भाऊ, तुमच्या रेडिओला वहिनींनी आंघोळ घातली!"

ओसरीवर हशा पिकला. धनसिंगही हसला. हसतहसतच आत गेला आणि सुंदरबाईला केसांना धरून अंगणात घेऊन आला. आधी हाताने, मग एरियलच्या बांबूने. बांबू फुटला, तेव्हा त्याने तिचं तोंड ओट्याच्या दगडावर आपटलं. तीन दात पडले. चुलता गिरधर आबा तंबाखू मळत म्हणाला, "पुरं कर रे, मिस्तरी बठेल शे."

मिस्तरी बसलेलाच होता. हातात पेचकस होता. त्याने सांधे पुसले, तारा वाळवल्या, सेट बोलता केला. वाढलेली भाकरी खाल्ली. घरी आल्यावर ताजबीला त्याने एवढंच सांगितलं, की खेडेगावातली कामं आता घ्यायची नाहीत.

पण वर्षभराने पुना गाडी घेऊन दुकानाशी आला, तेव्हा त्याला नाही म्हणता आलं नाही. पुना म्हणाला, "मिस्तरी, चाला. सेट परत मुका व्हयना, कालदिनपासून सुंदर अक्काले कोंडी ठेवेल शे."

धनसिंगने दरम्यान सागाचं जाड कपाट करून घेतलं होतं. रेडिओ आणि दोन्ही बॅटऱ्या त्यात असत. पितळी कुलपाची किल्ली धनसिंगच्या करदोड्याला. भर दुपारी ओसरीवर पाचसहा माणसं बसली होती. मागच्या खोलीला बाहेरून कडी होती. दाराच्या फटीतून सुंदरबाईचा एक डोळा दिसत होता. दुसरा सुजून मिटलेला.

"मिस्तरी, तू फक्त सांग," धनसिंग म्हणाला. "हिना हात लागना व्हई, तर आज हिले इहीर दखाडस."

तो ओरडत नव्हता. विहिरीकडे जाणारं मागचं दार त्याने आधीच उघडून ठेवलं होतं.

धनसिंगने कुलूप काढलं आणि रमजानने कपाटात हात घालून पहिला व्हॉल्व्ह काढला. कानाला लावायचा फोन आणि एक लहान सेल जोडून तो व्हॉल्व्हच्या पायांना टेकवला. आतली तार शाबूत असेल तर कानात 'कट्' असं वाजतं. वाजलं नाही. दुसरा लावला. तिसरा. चौथा. पाचव्यालाही कान शांतच राहिला.

पाची व्हॉल्व्ह एका फटक्यात जळायचे, तर एकच कारण. गेल्या आठवड्यात धुळ्याहून आणलेली नवी कोरडी बॅटरी कुणीतरी स्वतःच जोडली होती आणि तिच्या तारा अ‍ॅसिडच्या बॅटरीच्या जागी लावल्या होत्या. दोरे तोडून टाकलेले. तारांना पकडीने घट्ट पीळ दिलेला.

रमजानने खोटं बोलून पाहिलं. "भाऊ, व्हॉल्व्ह जुने झाले. त्यांचं आयुष्य संपलं."

"पाचीबी एकच दिनले मरनात?" धनसिंग माणसांकडे पाहून म्हणाला. "माले येडा समजस का? कोणीतरी तारा बदल्यात. खरं बोल. हिनाच हात ना?"

गिरधर आबाने मान डोलावली. "बाईनाच हात. गेल्या सालबी तिनाच व्हता."

धनसिंग कडी काढायला वळला. रमजानचा हात अजून कपाटातच होता. तो म्हणाला, "भाऊ, मग कुलूप कोणी उघडलं?"

सगळ्यांच्या नजरा धनसिंगच्या करदोड्यावर गेल्या. एकजण फस्सकन हसला आणि त्याने तोंडावर उपरणं घेतलं.

धनसिंग मागे फिरला. कपाटाचं दार त्याने दोन्ही हातांनी लोटलं. रमजानचा उजवा हात मनगटापाशी चौकटीत सापडला. दार पुन्हा उघडून पुन्हा आपटलं, पुन्हा. हाड मोडल्याचा आवाज ओसरीच्या टोकापर्यंत गेला. रमजान खाली पडल्यावर धनसिंगने त्याच्या बरगड्यांत लाथा घातल्या आणि मग तेच वजनदार पितळी कुलूप त्याच्या डोक्यात मारलं. रक्त कानातून वाहू लागलं, तेव्हा कुठे माणसं उठली. परक्या गावचा माणूस घरात मेला, तर फौजदार येईल, हे गिरधर आबाच्या ध्यानात आलं होतं. पाचसहा जणांनी मिळून धनसिंगला जमिनीवर दाबून धरलं.

पुनाने त्या गडबडीत कडी काढली. सुंदरबाई बाहेर आली. तिने नवऱ्याकडे पाहिलं नाही, चुलतसासऱ्यासमोर पदर सावरला नाही. सरळ जाऊन बैलगाडीत बसली. पुनाने रमजानला आणून तिच्या शेजारी निजवलं.

"अक्का, तुम्ही कथा चालनात?" कुठे जायचं, ते पुनाने विचारलं.

"फाट्यापावत चाल. पुढलं मी दखसू."

रस्ताभर रमजान कण्हत होता. फाट्याजवळ तो म्हणाला, "अक्का, मागच्या वेळी माझ्या तोंडाने घात केला."

"हां," ती म्हणाली. दात नसल्यामुळे शब्द फुटत होते. "मी तुमले रोज शिव्या देत व्हतू."

पिंपळनेरची मोटार आधी आली. तिथे तिचा भाऊ होता. ती चढली. रमजानला पुनाने धुळ्याच्या मोटारीत बसवलं.

रमजानची दोन बोटं पुढे कधी वळली नाहीत. तारांच्या सांध्यांना डाख लावायचं काम ताजबी शिकली. तो शेजारी बसून सांगे आणि ती कुरकुरत करी. पुढच्या उन्हाळ्यात पिंपळनेरचं एक गिऱ्हाईक बॅटरी घेऊन आलं, त्याने बातमी सांगितली. धनसिंग बायकोला न्यायला स्वतः गेला होता, भावाला ढकलून घरात शिरला. सुंदरबाईने मुसळ उचललं आणि त्याच्या खांद्यावर घातलं. मग गुडघ्यावर. त्याला खाटेवर घालून गावी न्यावं लागलं.

"आणि ती?" रमजानने विचारलं.

"ती काय? भावाच्याच घरी शे. दळण दळस."

रमजानने मान हलवली आणि ताजबीच्या हाताकडे पाहून म्हणाला, "एवढा डाख नको लावू. कमी लाव."