मेलेल्या शेळीचं नाव

नोकरीतले बरेच गुन्हे आता एकमेकांत मिसळून गेलेत. सिरसाळ्याकडच्या त्या पोराचा तपास मात्र जसाच्या तसा डोळ्यांपुढे उभा राहतो. एका निरपराध माणसाला मी आत घालायला निघालो होतो, आणि मला त्याची घाई झाली होती.

माझं गाव कोकणात. नववीत शाळा सुटली. त्या काळी तेवढ्यावर शिपाई म्हणून घेतलं आणि बीड जिल्ह्याने मला सहायक फौजदारापर्यंत नेलं. या जिल्ह्याचे माझ्यावर उपकार आहेत. पण कम्प्युटरचा गुन्हा दाखल झाला की माझे हातपाय गार पडायचे. कोणी शिक्षण विचारलं तर, ही धास्ती कायम.

हा पोरगा तर आठवी नापास. बाप शेळ्या राखणारा. याने आधी मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकलं, तिथेच बसून इंटरनेटवर क्रिप्टोचं सगळं शिकला आणि तिशीच्या आत कंपनी काढली. लोकांची डिजिटल नाणी सांभाळायची, बदलून द्यायची, असा धंदा. काचेचं ऑफिस, पंधरा-वीस पोरं कामाला. इंजिनिअर झालेले याला सर म्हणायचे. उद्घाटनाच्या बंदोबस्ताला मी होतो. कुणा परदेशी माणसाशी तो मोडक्या इंग्रजीत बोलत होता आणि जरासुद्धा लाजत नव्हता. शाळा आम्ही दोघांनीही सोडली होती. मी उन्हात काठी घेऊन उभा होतो. तेव्हा मनात जे आलं ते घरीसुद्धा बोललो नाही.

मग एका सकाळी कंपनीच्या वॉलेटमधली, म्हणजे कम्प्युटरवरच्या तिजोरीतली, सगळी नाणी गायब झाली. फिर्याद त्यानेच दिली. ग्राहक ठाण्याबाहेर जमून ओरडत होते, "यानंच गिळलं!" असल्या गुन्ह्याचा तपास निरीक्षकांकडे असतो, म्हणून कागदावर साहेब आणि पायपीट माझी.

दुसऱ्या दिवशी त्याच्या चुलत भावाने मला ठाण्यामागच्या चहाच्या टपरीवर गाठलं. तो त्याच कंपनीत मॅनेजर होता.

"सायेब, माझं नाव कुटं घेऊ नका. त्यानं पासपोर्ट काढलाय. नाणी त्यानंच हलवली. दुबईला पळंल."

खबर पडताळून घ्यायची असते, हे मी कित्येक नव्या शिपायांना शिकवलंय. ही खबर मी चहाबरोबर पिऊन टाकली.

चौकशीला त्या पोराला समोर बसवलं.

"चावी काय असते याची?"

"बारा इंग्रजी शब्द असतात साहेब, ठरलेल्या क्रमानं. ते ज्याला कळले त्याचं वॉलेट."

"कुठं लिहून ठेवलेत?"

"लिहिलेले न्हाईत."

"मग?"

"ते मी सांगणार न्हाई."

"कावून बे? सरकारचा जावई हायेस का?"

मी साहेबांना जाऊन सांगितलं. साहेब म्हणाले, "उद्या घरझडती घ्या. काही नाही मिळालं तरी अटक दाखवू." मी त्याच संध्याकाळी अटकेचे कागद तयार केले. माझं अक्षर इतकं सुंदर कधी आलं नव्हतं.

सकाळी दोन पंच घेऊन त्याच्या घरी गेलो. म्हातारा बाप गोठ्याच्या दाराशी उभा होता.

"थांबा सायेब. शेळ्या सोडू द्या, मंग काय ती झडती घ्या."

त्याने दार किलकिलं केलं आणि एकेकीला नावाने बाहेर बोलावू लागला. "टायगर... रिव्हर... लेमन... तिकीट... पिस्टल..."

पंच हसायला लागले. "पोलिसापुढं पिस्तूल काढता व्हय आप्पा?"

म्हाताराही हसला. "पोरानं ठेवलीत नावं. विंग्रजी हायेत. एखादी इकली तर नव्या करडाला तेच नाव द्यायचं आन् त्याच नंबरावर सोडायचं, असं बजावलंय त्यानं."

मध्येच एक पाठ, म्हणजे अजून न व्यालेली तरणी शेळी, बाहेर आली. तिला त्याने काहीच न म्हणता जाऊ दिलं.

"हिला नाव नाही?"

"हिच्या आईला दिवाळीत सापानं डसलं. तिचं नाव हिला द्यायला जीभ रेटंना. पुतण्या बी इचारत व्हता, काका, त्या मेलेल्या शेळीचं नाव काय व्हतं?"

"कधी विचारलं?"

"बाजाराच्या दिवशी."

बाजाराच्या दुसऱ्या सकाळी वॉलेट रिकामं झालं होतं.

"कशाला विचारलं त्यानं?"

"मला काय ठावं? मेलेल्या शेळीचं नाव कोन इचारतं? म्या सांगितलं, व्हेल्वेट. लई मऊ व्हती."

बाहेर पडलेल्या शेळ्या मी मोजल्या. बारा.

चुलत भावाच्या फोनमध्ये म्हाताऱ्याच्या हाकांचं रेकॉर्डिंग सापडलं. त्यात अकराच नावं होती. तासाभरात तो कबूल झाला. भीतीने त्याने नाणी विकली नव्हती. न्यायालयाच्या आदेशाने ती परत मिळाली.

"भाऊ ना बे तुझा?" मी विचारलं.

"भाऊ हाय म्हणूनच! मी बारावी सायन्स, त्यो आठवी नापास. माझी गणितं बघून लिवायचा. आन् आता म्या त्याला सर म्हणायचं? त्याच्यात असं काय हाय, जे माझ्यात न्हाई?"

जबाब लिहिणारा शिपाई माझ्या पुढच्या प्रश्नाची वाट बघत थांबला. भावाचं शेवटचं वाक्य मी स्वतः त्या बंदोबस्ताच्या उन्हात मनात म्हटलं होतं.

पुरवणी जबाबाला तो पोरगा आला. शब्द कुठे आहेत ते आधीच का सांगितलं नाहीस, असं मी विचारलं. "तुमी बापाला ठाण्यात आणलं असतं साहेब. आपल्यामुळं झालं म्हणून त्यानं अंथरूण धरलं असतं." खरं होतं. मी आणलंच असतं. त्या म्हाताऱ्याचे मी मनोमन आभार मानतो. त्याने शेळ्या आधी सोडायचा हट्ट धरला नसता, तर माझे कागद तयारच होते.

सही करून तो उठला. "राग न्हाई साहेब, पण एक इचारू? पहिल्या दिवसापासनं तुमी माझ्याच मागं कावून व्हता?"

"तपासाचा भाग असतो," मी म्हणालो.

त्याला ते पटलं. माझ्या पाया पडून तो गेला.

संशय आला की तो पुराव्यातून आलाय की आपल्याच पोटातून, हे आधी तपासावं, असं मी आता भेटेल त्या तरुण पोलिसाला सांगतो. त्या पोराला मात्र अजून खरं सांगितलेलं नाही. त्याने पुण्यात मोठं ऑफिस घेतलंय म्हणतात. बातमी ऐकून बरं वाटतं. थोडं टोचतंही.