गितावहिनीचं मासिक

घरसजावटीचं मासिक लावू का, असं मला महिन्यातून एखादं तरी माणूस विचारतंच. आता मी दत्ता पेपरवाला. सकाळी यवतला हायवेवर गठ्ठा उतरतो, तो गाडीला बांधून खुटबावला आणायचा आणि दारोदार टाकायचा, हा माझा धंदा. मासिक लागलं तर मलाच काहीतरी सुटणार. आणि सल्ला विचारतात तोही मलाच! हलवायाला विचारावं का, पेढा घेऊ का म्हणून? पण मी खोटं बोलत नाही. फायदा आहे आणि तोटाही आहे. ऐकायचं असेल तर गाडी स्टँडला लावा आणि गितावहिनीचं ऐका.

गितावहिनी आमच्याच वस्तीवरची, लांबच्या नात्यानं माझी भावजय. आम्ही धनगर. आमच्या पिढीनं मेंढरं विकून कांदा आणि ऊस धरला, पण वहिनीचा जन्मच मेंढरांच्या तळावरचा. रोज सकाळी सगळा संसार घोडीवर चढवायचा आणि संध्याकाळी नव्या रानात उतरवायचा. तीन दगड मांडले की चूल झाली, घोंगडी हांतरली की घर झालं. लग्नानंतरही बरीच वर्षं तिचं हेच चाललं. मग नवऱ्यानं खुटबावला स्लॅबचं घर बांधलं आणि दोन पावसाळे त्यात काढून बिचारा गेला. मागं राहिली वहिनी, तिचे सासरे म्हणजे आमचे आबा, आणि पोरगा शंभू.

शंभू रांजणगावला कंपनीत आहे. चौफुल्यावर कंपनीची बस धरतो, शिफ्ट करतो, सुट्टीला शेतात राबतो. सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही. तरी त्याचं लग्न जमेना. आजकाल आमच्या भागात आधी घर बघतात, मग पोरगा. अहो, पोरीला नांदवणार पोरगा का भिंती? पण ऐकतं कोण! पाहुणे यायचे, चहा प्यायचे, भिंतीपासून न्हाणीपर्यंत नजर फिरवायचे आणि "कळवतो" म्हणून निघायचे. आमच्याकडं "कळवतो" म्हटलं की समजायचं, विषय मिटला.

एकदा बारामतीकडची एक बाई अशीच घर बघून गाडीत बसता बसता नवऱ्याला म्हणाली, "घर पक्कं हाय वं, पर आत अजून मेंढरांचा तळच हाय." तिला वाटलं कुणी ऐकलं नाही. वहिनी तिची ओटी भरायला नारळ घेऊन मागंच आली होती. तो नारळ तिनं तसाच परत आत नेला. त्या दिवशी वहिनी जेवली नाही, असं आबांनी मला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी पेपर टाकायला गेलो तर ती दारात उभी.

"भावजी, घराचे फोटू असत्यात ते पुस्तक येतं का तुमच्याकडं?"

"येतं की. पण वहिनी, तुम्हाला वाचता कुठं येतं?"

"मला न्हाई येत, तुम्हाला येतं ना? मग झालं तर."

असं ते मासिक लागलं आणि वाचायची बिनपगारी नोकरी माझ्या गळ्यात पडली. अंक आला की मी ओट्यावर बसून वाचायचो. वहिनी शेंगा फोडत ऐकायची आणि आबा आपल्या बाजेवरून मधेमधे तोंड घालायचे. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायला लागलं होतं.

आता फायद्याचं सांगतो. एका अंकात आलं होतं की स्वयंपाकघरात समोरासमोर हवा खेळली पाहिजे. वहिनीनं गवंडी बोलावला आणि मागच्या भिंतीला खिडकी पाडून घेतली. तिचा जुना खोकला त्यानंतर बराच कमी झाला. हा फायदा मी नाकारत नाही. पण त्याच मासिकानं सांगितलं की घरात हिरवी झाडं ठेवा. वहिनीनं हौसेनं मनीप्लँट आणला, तर शेरडानं तो मुळासकट खाल्ला आणि वर कुंडीही चाटून पुसून ठेवली. आबा म्हणाले, "चला, शेरडाला तरी पुस्तकाचा उपेग झाला!" ऐन कांदा काढणीत दिवाणावर पांढरीफेक चादर आली. शंभूला त्यावर बसायची भीती वाटायची, पोरगं उंबऱ्यावर बसून जेवायचं.

पण खरा तोटा म्हणजे ते फोटो. त्यांत माणूसच नसतं हो! अख्ख्या घरात एक चप्पल नाही, पोतं नाही, दोरीवर टॉवेल नाही. वहिनी फोटोवर बोट फिरवत विचारायची, "भावजी, ही माणसं ज्वारी कुठं ठिवत असतील?" मी म्हणायचो, ते पिशवीतलं पीठ आणतात. तिला ते काही पटायचं नाही, पण फोटोवरची नजरही हलायची नाही.

अशात पाबळचं स्थळ आलं. पोरीचं नाव हर्षदा. पाबळच्याच तांत्रिक शाळेत कोर्स केलेली आणि रांजणगावला दुसऱ्या एका कंपनीत कामाला. आम्ही पोरगी बघून आलो. येताना गाडीत शंभूचे कान लालभडक झाले होते. घरी आल्यावर आबांनी विचारलं, "कशी वाटली रं?" तर म्हणाला, "बरी हाय." आणि शेरडांना घास टाकायला गेला. घास वहिनीनं आधीच टाकलेला होता.

पाबळहून निरोप आला की रविवारी घर बघायला येतो, पोरगीही येणार. पोरगी स्वतः घर बघायला येणार म्हटल्यावर वस्तीत कुजबुज झाली आणि वहिनी अंक घेऊन माझी वाट बघत ओट्यावर बसली.

"भावजी, आजवर जे दाखवलं त्याला मान हालवायचा. ह्या टायमाला त्यानं आपल्या तोंडानं बरी हाय म्हटलंय. हे गेलं तर माझं लेकरू कायमचं मिटंल." तिनं अंकातलं एक पान काढून माझ्यापुढं धरलं. एक दिवाण, एक फिका पडदा, कोपऱ्यात वाळक्या काड्यांची कुंडी, बस. "हे अस्सं करायचं. तळाचं काही म्हंजी काही दिसाय नको."

मी भांडलो. म्हटलं, वहिनी, हे घर आहे का दुकानाची काच? पण तिचे डोळे बघितले आणि पोती उचलायला लागलो. ज्वारी-बाजरीची पोती, गोधड्यांची चवड, भांड्यांची मांडणी, दुधाच्या किटल्या, खुंटीवरची कापडं, सगळं मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेलं. भिंतीतले खिळेसुद्धा तिनं उपटायला लावले. देव्हारा तेवढा मी हट्टानं राहू दिला.

शेवटी राहिली आबांची बाज. ती पहिल्या खोलीत, दाराशेजारी असायची. वहिनी तिच्याकडं बघायची आणि नजर वळवायची. सांगायचं कसं? आबा स्वतःच उठले, घोंगडी खांद्यावर टाकली. "माझं बी त्या फोटूत कुठं बसतंय? ने रं दत्ता, बाज मागं."

"आबा, नका जाऊ," वहिनी म्हणाली.

"दोन घटकेचं हाय गं पोरी. आपल्या शंभूचं जमू दे." आणि म्हातारा काठी टेकत मागच्या दारानं निघूनही गेला. बाज मी शेडच्या दारात ठेवली आणि माझ्या कामाला गेलो. वहिनी मात्र आत-बाहेर करत रविवार उजाडेपर्यंत एकटीच काय काय करत होती.

रविवारी पाहुणे आले. हर्षदा, तिचे वडील आप्पा, तिचा मामा आणि आत्या कुशाबाई. ही कुशाबाई म्हणजे पोलिसात शोभणारी बाई. चार माणसं बसायला हवीत म्हणून मीही होतो. पोहे झाले, चहा झाला. शंभूनं खास ह्यासाठी रांजणगावहून आणलेल्या कपांत. मग कुशाबाईची नजर फिरायला लागली. ह्या भिंतीवरून त्या भिंतीवर, आणि कुठंच अडकेना. अडकायला काही होतंच कुठं!

मामा माझ्या कानाशी लागला. "घर भाड्याचं हाय का वं?"

माझं डोकंच फिरलं. अरे, ह्या घराच्या पायाचे दगड मी डोक्यावर वाहिलेत! तोंड उघडणार तेवढ्यात कुशाबाईनं वहिनीला विचारलं, "दाणं कुठं ठिवता?"

"हाय की... तिकडं."

"तिकडं म्हंजी कुठं?"

वहिनी रिकामे कप गोळा करायला लागली. शेड म्हटलं की तळ दिसणार, ही भीती. कुशाबाई म्हणाली, "बाई, राग मानू नका. पर ज्या घरात पोतं न्हाई, गोधडी न्हाई, भिंतीला खुंटी न्हाई, तिथं आमची पोरगी खाईल काय आन् निजंल कुठं? इथं कोण ऱ्हातं तरी का?"

तळ दिसू नये म्हणून वहिनीनं जिवाचं रान केलं, आणि आता घरच दिसेना. शंभू फरशीकडं बघत बसला होता. आप्पांनी टोपी सारखी केली. "बरं, निघतो आम्ही. कळवतो."

झालं. शंभूनं डोळे मिटून घेतले. त्या वेळी ते मासिक माझ्या हाती लागतं तर मी चुलीत घातलं असतं.

पाहुणे उठले तेव्हा लक्षात आलं की हर्षदा नाही. हात धुवायला म्हणून मागं गेली होती ती आलीच नव्हती. तेवढ्यात मागून हसण्याचा आवाज आला. खळखळून हसत होती पोरगी. आम्ही सगळे मागच्या दारानं शेडकडं गेलो.

बाजेवर आबा, समोर पोत्यावर हर्षदा, आणि आबा तिला मनीप्लँट खाल्लेल्या शेरडाची गोष्ट सांगत होते. पण मी बघत राहिलो ते शेड. मला वाटलं होतं, सगळा ढीग असेल. छे! वाऱ्याच्या बाजूला पोत्यांची नीट थप्पी, तिच्या आडोशाला आबांची बाज. पोत्यांवर गोधड्यांची चवड, उशाशी पाण्याची घागर. तीन दगडांची चूल, तिच्यावर आबांसाठी दूध. भांडी उतरंडीनं लावलेली, मधे घोंगडी हांतरलेली. आतल्या खोलीत वहिनीला फोटो बघून बघून लावावं लागलं होतं. इथं तिचे हात आपोआप चालले होते.

कुशाबाई दारातच थबकली. "हे कुणी लावलं?"

वहिनी मान खाली घालून म्हणाली, "मीच. आबा बसणार व्हतं इथं. त्यास्नी ढिगात कसं बसवायचं? चुकलं असंल तर..."

कुशाबाईनं चपला काढल्या. आत गेली, घोंगडीवर बसली आणि तिच्यावरून तळहात फिरवत राहिली. "वाऱ्याकडनं पोती. उशाला घागर. माझी आई अस्संच लावायची गं. दिवसभर चालून आम्ही पोरं रडकुंडीला यायचो, आन् आई एवढं लावायची की वाटायचं, आलो घरी." पदर डोळ्याला गेला. पोलिसात शोभणारी बाई, लहान पोरीसारखी रडत होती.

हर्षदा उठली. "आप्पा, मी घर बघितलं. मला पसंत हाय. फकस्त आबांची बाज आत घ्यायची. पहिल्या खोलीत."

वहिनी होती तिथंच खाली बसली. इतकी स्थळं परत गेली तेव्हा न आलेलं पाणी त्या दिवशी डोळ्यांतून थांबेना. मीही रडलो, सांगायला लाज कसली? आप्पांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाले, "च्या आणा की आता, पसंतीचा." आणायचा कशाला, भांडी तिथंच होती. त्या तीन दगडांवर दुसरा चहा झाला. तो शंभूनं केला आणि साखर घालायला विसरला. सगळ्यांनी तसाच प्याला.

लग्न झालं. मासिकाचं वर्ष भरलं तसं मी विचारलं, "वहिनी, बंद करू ना?"

"का म्हणून? हर्षदा वाचून दाखवती की."

म्हणजे माझी नोकरी गेली. जरा वाईट वाटलं, पण असू दे. आता मी अंक ओट्यावर टाकतो आणि पुढं जातो. मासिक लावायचं तर लावा, मी आणून देईन. परवा अंक टाकून गाडी वळवत होतो, तर सासू-सुना त्यात डोकं घालून बसलेल्या. वहिनीनं कुठल्यातरी चकचकीत खोलीच्या फोटोवर बोट ठेवलं आणि अगदी काळजीनं विचारलं, "हर्षदा, ह्यांचं आबा कुठं बसत असतील गं?"

"हितं हाय की मी!" पहिल्या खोलीतल्या बाजेवरून आबा ओरडले.