शेवटचं करडू

पाटोद्याहून नेकनूरला जाणाऱ्या एसटीत तो माझ्या शेजारी बसला होता. खांद्यावर घोंगडी, हातात शेळ्या हाकायची काठी. घरी फोन लावून तो सहा वर्षांच्या लेकीशी बोलत होता. आपलं सांगून झालं की ती खटकन फोन बंद करायची. हा न चिडता पुन्हा लावायचा.

"असं तोडू न्हाई, बाळा. आदी 'ठेवू का' म्हणून इचारावं."

"कावून?" स्पीकरवरचा तिचा आवाज सगळ्या गाडीनं ऐकला.

"सांजच्याला शेळ्या वाड्यात घेतल्यावर, कवाड लावायच्या आदी काय बगतीस तू?"

"शेवटचं करडू आत आलंय का ते."

"मंग? समोरच्याचं बी एखादं बोलणं मागं ऱ्हायलेलं असतंय."

मग लेकीनं ऐटीत विचारलं, "आबा, ठेवू का?"

त्यानं काठी उंच धरली. "ठेव गं, माझी वाघीण!" कंडक्टरसकट अख्खी गाडी ओरडली, "ठेव, ठेव!"

उतरल्यावर मी आईला फोन केला. नेहमीसारखं दोन मिनिटांत आटपलं. पण बटणाकडे गेलेलं बोट थबकलं.

"आई, ठेवू का?"

"थांब रे," ती घाईनं म्हणाली, "कधीचं एक सांगायचं राहिलंय."

भर स्टँडवर माझा हात, त्याच्या काठीसारखा, आपोआप उंच गेला.