बर्फ पुसणारी सुभद्रा

दीड महिन्यापूर्वी आर्वीहून सुभद्राच्या मुलीचा फोन आला. "मावशी, आई गेली. सकाळी चहा घेतला आन बसल्या बसल्याच..." मी विचारलं, "चहात साखर होती ना?" डॉक्टरांनी तिची साखर बंद केली होती आणि ती वर्षभर कुरकुरत होती. पलीकडे रडता रडता ती पोर हसली. "होती मावशी, दोन चमचे." मला फार बरं वाटलं.

आमची ओळख पन्नासच्या दशकातली. वर्ध्याच्या कॉलेजात इंटर सायन्सच्या वर्गात आम्ही दोघीच मुली, त्यामुळे प्रॅक्टिकलची जोडी आपोआप ठरली. मी बोरगाव मेघेच्या कारकुनाची मुलगी, ती आंजीच्या भाजीवाल्या शेतकऱ्याची. माझं अक्षर मोत्यासारखं आणि गणितात सगळा अंधार. बर्फाच्या उष्णतेचं गणित तर मला हमखास चकवायचं. वितळताना बर्फ उष्णता घेत राहतो, पण सगळा वितळेपर्यंत पारा शून्यावरून हलत नाही, हे मला पटतच नसे. मी नुसती तापमानातली वाढ गुणून मोकळी व्हायची. सुभद्रा वैतागायची. "दोन हिशेब हाय वं. आधी वितळाचा, मंग तापाचा. एकातच काऊन कोंबून राह्यली?"

सहामाहीला मी प्रॅक्टिकलात नापास झाले. बाबा ओरडले नाहीत, नुसते म्हणाले, "वार्षिकलेई नापास झाली त कॉलेज बंद. घरी बसजो." ते ओरडले असते तर बरं झालं असतं. शांतपणे बोललेलं ते नेहमी खरं करत.

परीक्षेच्या आठवडाभर आधी आम्ही सराव करत होतो. स्टेशनजवळच्या कारखान्यातून भुशात, गोणपाटात गुंडाळून आणलेला बर्फ प्रयोगशाळेत येईतो घामेजलेला असे. तांब्याच्या भांड्यातल्या कोमट पाण्यात तो टाकायचा, पारा किती उतरला ते पाहायचं आणि वितळायला किती उष्णता लागली ते काढायचं. ग्रॅममागे ऐंशी कॅलरी यायला हव्यात. आमच्या आल्या चौसष्ट. तीनदा केलं, तिन्ही वेळा साठीतच. मी खोडरबर उचलला. ऐंशी लिहिलं तर कोणाला कळणार होतं? सुभद्रानं माझं मनगट धरलं आणि बर्फाकडे बघत बसली.

"आमचे बाबा मेथी झटकूनच तोलतात," ती म्हणाली. "पानी मारलेली जुडी वजनाले भरते, पन ते पानी काई भाजी नाई. या बर्फावरचं पानी आधीच वितळलेलं हाय. त्याले पुन्हा कसं वितळवशील?"

मग तिनं एकेक खडा पदरानं कोरडा केला आणि लगेच भांड्यात सोडला. उत्तर आलं अठ्ठ्याहत्तर. आम्ही इतके दिवस पाणी बर्फ म्हणून तोलत होतो.

वार्षिकला मला नेमका तोच प्रयोग आला. मी प्रत्येक खडा पुसला. सत्त्याहत्तर आले, सत्त्याहत्तरच लिहिले. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "ऐंशी का नाही?" म्हटलं, खोलीतली थोडी उष्णता भांड्यात शिरली असणार. ते खूश दिसले. "आणि बर्फ पुसायला कोणी शिकवलं?"

"आमच्या सरांनी," मी म्हणाले. प्रॅक्टिकल घेणारे सर शेजारीच उभे होते. त्यांनीही नाही म्हटलं नाही.

मी पास झाले. एसटीच्या थांब्यावर, परीक्षकांपुढे सरांचं नाव घेतल्याचं सुभद्राला सांगताना मान वर होईना. ती म्हणाली, "सरायचं नाव घे नाईतर कोनाचंई घे. तू घरी बसली असती त मी कोनासंगं आली असती प्रॅक्टिकलले?" आणि आंजीच्या गाडीत चढली. तिनं पुढे जन्मभर आर्वीच्या शाळेत विज्ञान शिकवलं. मी बी.एस्सी. झाले, नोकरी केली, स्वतःच्या पायावर उभी राहिले. हे सगळं तिच्यामुळे, असं मी तिला कधी नीट सांगितलं नाही. तिला ते ऐकायचंही नव्हतं.

मागच्या रविवारी सरबत करताना मी बर्फाचे खडे नॅपकिननं पुसून पेल्यात टाकत होते. सरबताला त्यानं काही फरक पडत नाही, पण हात ऐकत नाही. नात हसायला लागली. "आजी, हे कोणी शिकवलं तुला?"

"सुभद्रानं," मी म्हटलं.

"कोण सुभद्रा?"

पेला बाजूला ठेवला आणि तिला जवळ बसवून घेतलं.